दोर आंब्याला बांधू नये

किन्हवलीच्या स्टँडवर दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकून मी सरळगावच्या गाडीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं आधी दोराकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"बाबा, जनावर कुठं हाय?"

"मुरबाडला."

"बैल का म्हैस?"

"जावई. लय सुटलाय. आवरायला चाललोय."

अर्धी गाडी हसली. मी हसलो नाही. मी खरं तेच सांगितलं होतं.

परत आल्यापासून गावात जो तो विचारतोय, कुठं होतास, काय बघून आलास. एकेकाला सांगत बसलो तर उन्हाळ्यातली कामं तशीच राहतील. म्हणून हे लिहून काढलं. माझी शाळा चौथीपर्यंत. तेव्हा जसं बोलतो तसंच लिहिलंय, ज्याला खुपेल त्यानं वाचू नये.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. मी शेतकरी, पण आजूबाजूच्या गावांत मला पाणबुड्या म्हणून ओळखतात. कोणाची कळशी बावीत (विहिरीत) पडली, कोणाचा फुटबॉल (पाण्याच्या पाइपाच्या तोंडाला बसवतात तो जाळीचा वॉल) गाळात रुतला, की माणूस माझ्या दारात येतो. कधी कधी बुडालेलं माणूसही काढावं लागतं. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

बावीत उतरायची आमच्याकडं एक रीत आहे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, आणि दुसरं टोक वर माणसाच्या हातात. वरचा माणूस मधूनमधून एक हिसका देतो. म्हणजे, आहेस का? खालच्यानं एक हिसका द्यायचा. म्हणजे, आहे. उत्तर आलं नाही की वरच्यानं मागचापुढचा विचार न करता ओढायचं. आणि वरचा जर म्हणाला, आज नको, तर खालच्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. मग तो कितीही मोठा पाणबुड्या असो.

माझा दोर माझी बायको धरायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात धरला तो शेवटपर्यंत. कधी म्हणायची, आज पाण्याचा रंग बरा दिसत नाय, घरी चला. मी वाटभर तिच्याशी भांडायचो, पण घरी जायचो. ती गेल्या गणपतीत तापानं गेली. माझ्या खांद्यावर होता तो अंबाडीचा दोर आम्ही दोघांनी मिळून वळलेला शेवटचा दोर.

ती गेल्यावर मी दोर बावीजवळच्या आंब्याला बांधून उतरायला लागलो. लोक म्हणाले, आम्ही धरतो. मी म्हणालो, नको. आंबा बरा. हात सोडत नाही आणि डोकं खात नाही.

आता जावयाचं. माझी मुलगी सुगंधा मुरबाडला दिलीय. तिचा नवरा दत्ता तिथल्या कंपनीत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो मालवणकडं जाऊन स्कूबा शिकून आला. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली राहायचं. सुट्टीच्या दिवशी तो धरणाच्या कडेला, खाणीच्या तळ्यात लोकांच्या पडलेल्या वस्तू काढून द्यायचा. त्याचा एक जोडीदार होता, वसंत नावाचा. दोघं बरोबर शिकले, बरोबर उतरायचे. मागच्या हिवाळ्यात वसंत एका खाणीत एकटाच उतरला आणि मेला. त्यानंतर दत्ता थांबेल असं आम्हाला वाटलं होतं. तो थांबला नाही. तोही एकटाच उतरायला लागला.

सुगंधाचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. तिच्या आईसारखीच आहे, रडायची वेळ टळून गेल्यावर रडते. एवढंच म्हणाली, "बाबा, ते परत जाणार हायत. माझं ऐकत नाय. तुमी या."

मी म्हणालो, "दोर घेऊन येतो."

किन्हवली सोडली की रस्ता दोन्हीकडच्या शेतांमधून जातो. भात कधीच निघालेलं, जमीन उघडी पडलेली. ठिकठिकाणी राब भाजत होते (भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात). निळा धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. मोहाच्या झाडांखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. खिडकीतून तो गोड, थोडा आंबूस वास आत आला की गाडीतली म्हातारी माणसं एकमेकांकडं बघून हसत होती. पुढं काळू नदीचा पूल लागला. नदी म्हणजे नुसते दगड आणि मध्ये एकेक डोह. एका डोहात पोरं उड्या मारत होती. मी सवयीनं काठावर कोण मोठं माणूस आहे का ते बघितलं. धुणं धुणारी एक बाई होती. बरं वाटलं.

सरळगावला उतरून मुरबाडची जीप धरायची होती. तिथं वडापाव खाल्ला. तिखट होता, पण वडा गार. मी तसं बोललो तर वडेवाला म्हणाला, "बाबा, ऊन बाहेर हाय ना, धरा जरा उन्हात." मला असली माणसं आवडतात. शेजारी काकड्या घेऊन बसलेल्या म्हातारीनं मला हाक मारली.

"घे रे काकडी, कवळी हाय."

"दात कुठं हायत मला?"

"मग चोख. दोर कशाला आणलास? जीव द्यायला चाललास का काय?"

"नाय गो. घ्यायला चाललोय."

तिनं एक काकडी फुकट दिली. का दिली ते तिलाच ठाऊक.

मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळं सगळं गाव स्टँडभोवती गोळा झालेलं असतं. जीपवाले कल्याण कल्याण ओरडतात, उसाच्या रसाची चाकं खुळखुळतात, आणि कंपनीची पाळी सुटली की एकाच रंगाचे सदरे रस्ताभर दिसतात. त्या सदऱ्यांत दत्ता होता. माझा दोर बघून त्याच्या सगळं ध्यानात आलं. पाया पडला, पिशवी घेतली. दोर मात्र मी दिला नाही.

रात्री जेवायला तांदळाची भाकर, वालाचं बिरडं आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. हात तिच्या आईचाच. मी नेहमीपेक्षा एक भाकर जास्त खाल्ली. सुगंधानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

जेवण झाल्यावर मी टाकी बघायला मागितली. कोपऱ्यात पिवळी टाकी उभी होती, बाजूला रबरी कपडे, काचेचा मुखवटा, आणि शिशाच्या वजनांचा पट्टा.

"यात ऑक्सिजन किती बसतो?" मी विचारलं.

"ऑक्सिजन नाय मामा. आपली साधी हवाच. दाबून भरलेली."

"एवढंच? आन त्याच्या जिवावर एकटा उतरतोस?"

"टाकी चांगली हाय. दर वेळी तपासून घेतो."

"वसंतची पण चांगली होती ना?"

सुगंधा भांडी घासत होती. तिचा हात थांबला. दत्ता खाली मान घालून म्हणाला, "हो. हवा पण शिल्लक होती त्याच्या टाकीत."

"मग तू कुठला मोठा लागून गेलास? तुला शिकवणाऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"एकट्यानं उतरायचं नाय. जोडीदार पायजेच. बडी म्हणतात त्याला."

"आन मग?"

"इथं कोणाकडून आणू जोडीदार? होता तो गेला." मग त्यानं मान वर केली. "मामा, एक विचारू? आई गेल्यापासून तुमचा दोर कोण धरतो?"

मी खोटं बोलत नाही. "आंबा," म्हणालो.

सुगंधानं हातातलं पातेलं खाली टाकलं. "कोण?"

"बावीजवळचा आंबा. चांगला जुना हाय, बुंधा मोठा हाय."

"बाबा! आन आंबा ओढणार का तुमाला वर?"

"माझं वेगळं हाय," मी म्हणालो. "मी म्हातारा झालो. माझ्यामागं कोण बसलंय?"

"मी नाय का बसले?" ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून आत गेली.

दत्ता हळूच म्हणाला, "तुमी आंबा सोडा, मी एकटा उतरणं सोडतो."

मी म्हणालो, "आधी उद्याचं बघू." कारण दुसऱ्या दिवशीचं काम त्यानं आधीच पत्करलेलं होतं. माळशेजच्या रस्त्याला काशिनाथ नावाच्या शेतकऱ्याची पाणी उपसायची मोटार खाणीच्या तळ्यात पडली होती. भेंडीचा मळा सुकत चालला होता. शब्द दिलाय, माघार घेता येत नाही, असं दत्ताचं म्हणणं. ते मलाही पटलं. मी एवढंच म्हटलं की दोर मी धरणार. त्याला दोराची गरज वाटत नव्हती, पण माझं मन राखायला तो हो म्हणाला. सुगंधा म्हणाली, "मी पण येणार. दोघांवर माझा भरवसा नाय."

सकाळी काशिनाथ त्याचा टेम्पो घेऊन आला. पुढं तो आणि दत्ता, मागं टाकीशेजारी मी आणि सुगंधा. डोंगर हळूहळू जवळ यायला लागले. पळस फुलून गेलेले, पांगाऱ्यावर मैना भांडत होत्या. वाटेत दत्तानं एका चहाच्या टपरीजवळ टेम्पो थांबवायला लावला. टपरी वसंतच्या बापाची होती.

माणूस माझ्याच वयाचा. त्यानं दत्ताला बघून चहा टाकला, विचारलं नाही किती. मग टेम्पोतली टाकी त्याला दिसली.

"जातोस अजून?"

"शेवटचं काम हाय, काका."

"वसंत पण असंच सांगून गेला." त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडं वळून म्हणाला, "पावणं, मला एक सांगा. मशीन बरी होती म्हणतात. हवा होती म्हणतात. पोरगा पोहायला पक्का होता. मग मेला कशानं? किती जणांना विचारलं. कोणी सांगत नाय. सांगणार कोण? तिथं बघायला कोण व्हतं?"

माझी बायको गेली तेव्हा मी उशाशी होतो. कशानं गेली, कधी गेली, शेवटी काय म्हणाली, सगळं मला माहीत आहे. ते माहीत असणं किती मोठं आहे, हे मला त्या टपरीवर कळलं. चहा गोडमिट्ट होता. मी सगळा प्यायलो.

खाण रस्त्यापासून आत आहे. दगड काढून काढून केलेला मोठा खड्डा, आणि आता त्यात पाणी साठलंय. तिन्ही बाजूंना कापलेला काळा कडा, एका बाजूनं उतार. पाणी हिरवंगार आणि गप्प. बावीचं पाणी बोलतं, त्यात झरे असतात. हे पाणी काही बोलत नव्हतं. मला ते आवडलं नाही.

"किती खोल?" मी काशिनाथला विचारलं.

"पाच पुरुष तरी असंल." (पुरुष म्हणजे माणसानं हात वर केला की होते तेवढी उंची.)

मोटार पिंपांच्या तराफ्याला टांगलेली होती, ती बांधलेली दोरी कुजून तुटली आणि मोटार वायरसकट खाली गेली. वायरचं वरचं टोक काशिनाथनं खांबापासून सोडवून ठेवलं होतं. दत्तानं कपडे चढवले, पट्टा बांधला, टाकी पाठीवर घेतली. मी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि हिसक्यांची रीत सांगितली. त्यानं मान डोलवली. सुगंधा काठावरच्या दगडावर बसली होती, पाण्याकडं एकटक बघत.

दत्ता खाली गेला. पाण्यावर बुडबुडे येत राहिले. मी दोर सैल सोडत होतो. एक हिसका दिला. उत्तर आलं. मला सांगायला लाज नाही, मला लई बरं वाटलं. किती महिन्यांनी मी दोरावर कोणाशी बोलत होतो, आणि तेही वरून.

काही वेळानं पुन्हा हिसका दिला. उत्तर नाही.

पुन्हा दिला. नाही. बुडबुडे मात्र येत होते, पण पहिल्यापेक्षा भराभर, एकाच जागी.

माझ्या रीतीत इथं विचार करायला जागा नसते. "काशिनाथ, ओढ!" मी ओरडलो. दोघांनी पाय रोवून ओढलं. दोर आधी हलेना. मग काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि एकदम हलका झाला. आम्ही हातावर हात टाकत खेचत सुटलो. आमच्याकडं बावीतून माणूस असाच ओढतात. जितकं लवकर, तितका जीव वाचतो.

दत्ता बुचासारखा पाण्यावर आला. नाकातून रक्त, डोळे मोठे झालेले. आला तसा एका बाजूला कलंडायला लागला. मी हालायच्या आत सुगंधानं उडी टाकली होती. साडी नेसलेली, तशीच. दोन हात मारून त्याच्यापाशी पोचली, त्याची मान पाण्यावर धरली आणि ओढत काठाला आणला. ती लहानपणी आमच्या बावीत सगळ्या पोरांना हरवायची. मी ते विसरलो होतो.

काठावर दत्ता खोकला, थुंकला. मग माझ्याकडं बघून पहिलं वाक्य बोलला ते असं: "मामा, तुमी मला मारलं असतं."

मला ते लागलं. "मारलं? वाचवलं तुला!"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

काशिनाथनं टेम्पो असा हाकला की माझी हाडं खिळखिळी झाली. मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, छातीचा फोटो काढला, रात्रभर इथंच ठेवा म्हणाल्या. फोटो चांगला आला. नशीब म्हणायचं, असं त्या दोनदा म्हणाल्या.

संध्याकाळी दत्ता खाटेवर उठून बसला, तेव्हा त्यानं मला समजावलं.

"मामा, तुमी बावीत जाता तेव्हा हवा वरूनच छातीत भरून नेता. खाली ती दबते, वर आलं की होती तेवढीच होते. म्हणून तुमाला कितीबी जोरात ओढलं तरी चालतं. मी हवा खाली घेतो, टाकीतून. तशीच छातीत धरून झपकन वर आलो, तर ती फुगत जाते. छाती आतून फाटते. म्हणून आम्हाला सावकाश यायचं असतं. तुमी ओढलंत तेव्हा मी सारखा आऽऽ करत हवा सोडत आलो, म्हणून वाचलो."

"मग हे आधी का नाय सांगितलंस?"

"दोर तुमाला बरं वाटावं म्हणून बांधला. तुमी खरंच ओढाल असं वाटलं नव्हतं."

"मी दोर शोभेला धरतो का रे?" मी म्हणालो. मग विचारलं, "आन ओढलं नसतं तर?"

तो अंगावरची चादर सारखी करायला लागला. सुगंधा म्हणाली, "सांगा ना आता."

"मोटारची वायर टाकीच्या मानेत अडकली होती," तो म्हणाला. "पाठीमागं. हिसका कळत होता, पण मी दोन्ही हातांनी मागं चाचपत होतो. चाकू होता माझ्याकडं. हातच पोचत नव्हता. घाबरून हवा भराभरा संपायला लागली. तुमी ओढलंत तेव्हा वायर सुटली. नायतर…"

मला वसंतच्या बापाची टपरी आठवली. त्याच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित एवढंसंच असेल. पाठीमागं अडकलेलं काहीतरी, जे दुसऱ्या माणसानं दोन बोटांनी सोडवलं असतं.

मी इतकी वर्षं समजत होतो की वर दोर धरणारा असला की झालं. बावीत ते खरं आहे आणि खरंच राहील. पण टाकी घेऊन उतरणाऱ्याला वरचा माणूस पुरत नाही. त्याला बाजूला माणूस लागतो, त्याच पाण्यात, तेच शिकलेला, तशीच टाकी घेतलेला. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ती दुसऱ्यानंच बघावी लागते. हे मला बासष्ट बावींत उतरून कळलं नाही, ते त्या दवाखान्यात कळलं.

"मी शिकणार," सुगंधा अचानक म्हणाली.

"काय?" दत्ता.

"तुमचं ते स्कूबा. मालवणला जाऊन. रीतसर."

"तुला भीती नाय वाटायची?"

"भीती मला घरी बसून वाटते. तिथं निदान हात मोकळे असतील."

दत्ता हसला आणि त्याच्या नाकातून परत रक्त आलं. सुगंधानं त्याला कापूस दिला. "हसा. आज कोणी काढला बाहेर ते इसरलात."

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. माझी एकच मुलगी. तिनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, आईनं दोर धरला तो कोणाला विचारून धरला होता?"

"तिनं वरून धरला होता."

"मग मी खालून धरीन."

मी तोंड मिटलं. तिची आई असती तर आधी नकोच म्हणाली असती, पण शेवटी पोरीच्याच बाजूनं बोलली असती. मला तिचं माहीत आहे.

दत्तानं तिथंच शब्द दिला. सुगंधा शिकून येईपर्यंत पाण्यात जाणार नाही, आणि नंतर एकटा कधीच नाही. मग तो माझ्याकडं बघत राहिला.

"काय?"

"आंबा," तो म्हणाला.

"बरं, बरं," मी म्हणालो. "आंब्याला सुट्टी दिली."

आणखी दोन दिवस मी मुरबाडला राहिलो. दत्ता घरी आला, माझ्याशी पत्ते खेळला, हरला. काशिनाथ भेंड्यांची पिशवी घेऊन बघायला आला. मी त्याला म्हणालो, "तुझी मोटार राहिली रे."

"जाऊ दे ती खड्ड्यात."

"खड्ड्यातच हाय ती," सुगंधा म्हणाली. सगळ्यांत मोठ्यानं काशिनाथच हसला. शेजाऱ्याकडून पाणी घेऊन तो भेंडी जगवतोय. मोटार काढायला जोडीनं उतरणारी माणसं आणू, असं दत्तानं त्याला सांगितलंय.

निघताना सुगंधानं दोर मला स्वतः खांद्यावर दिला. एका जागी पीळ सुटला होता, तिथं तिनं सुतळी गुंडाळून पक्कं केलं होतं. परतीच्या वाटेवर सरळगावला काकडीवाली म्हातारी दिसली. म्हणाली, "घेतलास का जीव?" मी म्हणालो, "घेतला. माझाच. संगं आणलाय." या वेळी मी तिच्याकडून काकड्या विकत घेतल्या. काळूच्या डोहात पोरं नव्हती, म्हशी बसल्या होत्या. राबाचा धूर विझून जमीन काळी झाली होती.

घरी पोचलो तर शेजारचा शांताराम ओट्यावर वाट बघत बसलेला. आमच्या दोघांच्या सामाईक बावीत फुटबॉल रुतला होता, पाणी चढेना. मी पिशवी ठेवली आणि तसाच निघालो. बावीजवळ पोचल्यावर पाय आपोआप आंब्याकडं वळले. दोर बुंध्याला एक वेढा घालूनही झाला होता. मग सोडला.

शांतारामनं हात पुढं केला. पण शांताराम फोन बघत चालतो आणि फोन बघत जेवतो. मी दोर मागून आलेल्या त्याच्या बायकोकडं दिला. जनी वहिनींनी दोर घेतला, बावीत वाकून बघितलं, मग माझ्याकडं नीट बघितलं.

"आज नको भावोजी," त्या म्हणाल्या.

"का? पाणी चांगलं हाय."

"पाणी चांगलं हाय. तुमी चांगले नाय दिसत. डोळे बघा कसे झालेत. प्रवास करून आलाय. उद्या उतरा."

मला राग आला. तोंडावर शब्दही आले होते. मग लक्षात आलं की गणपतीपासून मला कोणी नको म्हटलं नव्हतं. मी दोर गुंडाळला आणि घरी आलो. वाटभर भांडायला शेजारी कोणी नव्हतं, तरी थोडं भांडलो.

दुसऱ्या सकाळी उतरलो. खाली गार होतं, काळोख होता, फुटबॉल गाळात चांगला रुतला होता. हातानं गाळ उकरत असताना कमरेला हिसका बसला. माझ्या बायकोचा हिसका हलका असायचा, दार वाजवल्यासारखा. हा जोराचा होता, बैल ओढल्यासारखा. शिकतील हळूहळू.

मी गाळातला हात काढला आणि दोराला एक हिसका दिला. आहे.